लेप शाबूत, आतला कार्बन पोकळ : सीसी भागांचे पुन्हा पुन्हा होणारे ऑक्सिडीकरण

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील भट्टीकामात कार्बन-कार्बन कंपोझिटचे, म्हणजे कार्बनचे तंतू कार्बनच्याच मूळद्रव्यात बसवून केलेल्या आणि कारखान्यात नुसते ‘सीसी’ म्हटल्या जाणाऱ्या साहित्याचे, ट्रे, खांब, पट्ट्या आणि नट-बोल्ट वापरणाऱ्यांकडून एक तक्रार ठरावीक रूपात वारंवार ऐकू येते. भागावर सिलिकॉन कार्बाइडचा लेप असतो, तो १५०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल असे पुरवठादाराने लेखी दिलेले असते आणि प्रत्यक्ष काम १३०० अंशांच्या आतच चालते. तरीही काही काळाने ट्रेची कड बोटाने दाबली की आत जाते, बोल्ट आवळताना त्याच्या आट्यांचा भुगा होतो आणि वाळवी लागलेल्या चौकटीप्रमाणे वरचे कवच मात्र जसेच्या तसे उभे असते. मग अधिक जाड लेप मागवला जातो, खर्च वाढतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच घडते.

या बिघाडाचे कारण कमाल तापमानात शोधले जाते, तिथेच तपासाची दिशा चुकते. बहुतेक प्रकरणांत भाग खाल्ला जातो तो साधारण ५०० ते ९०० अंशांच्या टप्प्यात, भट्टी तापताना आणि त्याहूनही अधिक ती थंड होताना. म्हणून लेपाचा प्रकार किंवा जाडी बदलण्याआधी वजन नेमके कोणत्या तापमानाला घटते हे मोजून काढावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ते मोजल्यावाचून केलेला प्रत्येक उपाय अंदाजाचा ठरतो.

तडे पडतातच, ते का?

सीसीचे तंतूंच्या दिशेतील औष्णिक प्रसरण फारच कमी, साधारणपणे दर अंशाला दशलक्षात ० ते २ भाग इतके असते, तर सिलिकॉन कार्बाइडचे साडेचार ते पाच भाग असते. वायूतून थर बसवण्याच्या पद्धतीत, म्हणजे सीव्हीडीत, लेप १००० ते १२०० अंशांच्या आसपास बसतो. त्या तापमानाला लेप आणि कार्बन यांच्यात ताण नसतो, पण भाग खोलीच्या तापमानाला येईपर्यंत लेप कार्बनपेक्षा जास्त आकसू पाहतो आणि कार्बन त्याला आकसू देत नाही. फरक दशलक्षात ३ भाग आणि तापमानातील उतार १०५० अंश धरला तर विकृती ०.३ टक्क्यांच्या वर जाते, आणि सिलिकॉन कार्बाइडचा यंग गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, ४०० गिगापास्कलच्या आसपास असल्याने लेपातला ताण १२०० मेगापास्कलच्या घरात पोहोचतो. असा लेप खेचताना तुटतो तो साधारण ३०० ते ४०० मेगापास्कलला. म्हणजे तडे जाणे हा लेप बसवणाऱ्याच्या हलगर्जीपणाचा पुरावा नाही. बिनतड्याच्या लेपाची हमी कोणी देत असेल, तर त्याच्याकडे सूक्ष्मदर्शकाखालची छायाचित्रे मागावीत.

या तड्यांची रुंदीही याच हिशेबातून निघते. एक-एक मिलिमीटर अंतरावर तडे असतील तर प्रत्येकाची रुंदी सुमारे ३ मायक्रॉन भरते, आणि ऑक्सिजनला आत शिरायला तेवढी वाट भरपूर झाली. भाग पुन्हा तापू लागला की तडे हळूहळू मिटत जातात आणि लेप बसवण्याच्या तापमानाजवळ जवळपास बंद होतात. शिवाय १२०० अंशांच्या आसपास आणि त्यापुढे सिलिकॉन कार्बाइडच्या पृष्ठभागावर तयार होणारी सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे काचेसारखे संयुग, इतकी मऊ होते की उरलेल्या फटी तीच भरते. त्यामुळे १३०० अंशांवर घेतलेली चाचणी नेहमीच समाधानकारक दिसते. अडचण मधल्या पट्ट्यात आहे. तिथे तडे उघडे असतात, सिलिका ताठ असते आणि कार्बन मात्र पेटायला तयार असतो, कारण हवेत सीसीचे ऑक्सिडीकरण ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यानच जाणवू लागते.

जाड लेपाने हे सुटत नाही, ते याच कारणाने. जाडी वाढली की तडे विरळ होतात, पण विरळ तडे जास्त रुंद असतात. शिवाय जाड थरात साठलेली ऊर्जा अधिक असल्याने कडांपाशी लेप पापुद्र्यासारखा सुटण्याची शक्यताही वाढते.

मोजणी कशी करावी?

ज्या खेपेतील भाग खराब होत आहेत त्याच खेपेतून, त्याच भागांबरोबर आणि सहाही बाजूंनी लेप दिलेले छोटे तुकडे मागवावेत. २५ मिलिमीटर लांबी-रुंदीचे आणि ५ मिलिमीटर जाडीचे तुकडे पुरतात. मोठ्या ट्रेमधून कापलेला तुकडा चालत नाही, कारण कापलेली बाजू उघडी राहते आणि मग आपण लेपाची चाचणी न घेता उघड्या कार्बनचीच चाचणी घेत बसतो. हवेतील साध्या मफल भट्टीत वेगवेगळे तुकडे ६००, ८००, १००० आणि १२०० अंशांना ठेवून ठरावीक तासांनी त्यांचे वजन करावे, सोबत लेप नसलेला एक तुकडा तुलनेसाठी ठेवावा, आणि एक तुकडा केवळ चक्रांसाठी, म्हणजे १२०० अंशांपर्यंत नेऊन थंड करण्यासाठी, राखून ठेवावा. तुकड्यांखाली अॅल्युमिनाचे स्वच्छ तुकडे असावेत. जुनी वीट किंवा स्टीलची जाळी वापरल्यास त्यांतले क्षार आणि धातू निकाल बिघडवतात. टीजीए यंत्र, म्हणजे तापवतानाच नमुन्याचे वजन मोजत राहणारे यंत्र, उपलब्ध असल्यास काम झटपट होते, मात्र त्यातला नमुना इतका लहान असतो की कडांचा प्रभाव वाजवीपेक्षा मोठा दिसतो, हे विसरू नये.

वजन करण्याबाबत आपल्याकडे एक खबरदारी विशेष घ्यावी लागते. सीसी सच्छिद्र असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये रबाळे किंवा महापे येथील शेडमधल्या हवेतला ओलावा ते शोषून घेते. सकाळी आणि दुपारी केलेल्या वजनांत त्यामुळे जो फरक पडतो, तो कधी कधी ऑक्सिडीकरणाच्या फरकाइतका असतो. प्रत्येक वजनापूर्वी तुकडा ११० ते १२० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, थंड केलेला असावा, अन्यथा पावसाळ्यातली आकडेवारी सरळ बाजूला ठेवावी.

दुसरी गफलत अधिक सूक्ष्म आहे. सिलिकॉन कार्बाइडची सिलिका होते तेव्हा वजन वाढते : ४० ग्रॅम कार्बाइडपासून ६० ग्रॅम सिलिका तयार होते. त्याच वेळी आतला कार्बन वायू होऊन निघून गेला तर वजन घटते. लेपात बोरॉन असेल तर वाढीची बाजू आणखी जड होते. दोन्ही क्रिया एकमेकींना झाकतात आणि वजन स्थिर दिसते. म्हणून वजन हलले नाही एवढ्यावर समाधान न मानता चाचणीनंतर एक तुकडा कापून, रेझिनमध्ये बसवून आणि घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच. तड्याच्या बरोबर खाली नासपतीच्या आकाराची पोकळी दिसली की निदान झाले.

वजनघटीचे आकडे दर चौरस सेंटिमीटरला मिलिग्रॅम या रूपात तापमानासमोर मांडले की आलेखाचा आकारच बरेच काही सांगतो. घट ६०० ते ७०० अंशांदरम्यान वेगाने चढत असेल, तर अभिक्रिया रासायनिक गतीने चालली आहे. या टप्प्यात तापमान साधारण ३० अंशांनी वाढले की दर जवळपास दुप्पट होतो, आणि ऑक्सिजनला खोलवर शिरायला पुरेसा वेळ मिळत असल्याने पोखरणे आतल्या छिद्रांमध्ये सर्वत्र पसरते. ८०० अंशांच्या आसपास चढ थांबून आलेख सपाट झाला, तर तड्यांतून किती ऑक्सिजन आत येतो यावर सगळे ठरत आहे. १००० अंशांना घट कमी झाली आणि १२०० अंशांना नाममात्र राहिली, तर तडे मिटत आहेत आणि मूळ लेप आपले काम नीट करतो आहे. मात्र १२०० अंशांपुढे घट पुन्हा वाढत असेल, तर सुईच्या टोकाएवढी छिद्रे, सिलिकेतील बुडबुडे किंवा बोरॉनयुक्त काचेचे उडून जाणे यांचा तपास करावा.

डोळ्यांनी काय दिसते?

प्रयोगशाळा जवळ नसली तरी भागाची अवस्था पाहून अर्धे निदान करता येते. पोखरण फक्त कडा, भोके आणि आटे यांच्याभोवती असेल तर लेपाच्या रसायनापेक्षा भागाच्या रचनेकडे पाहावे. धारदार कोपऱ्यावर कोणताही ठिसूळ लेप टिकत नाही, आणि बारीक आट्यांच्या तळाशी सीव्हीडीचा वायू पुरेसा पोहोचत नाही. लेप दिल्यानंतर कारखान्यात कोणी एखादे भोक ‘थोडेसे मोठे’ केले असेल, तर पुढे काही शोधायलाच नको. कडांना किमान दीड-दोन मिलिमीटरची गोलाई द्यावी, सगळे यंत्रकाम लेपापूर्वी पूर्ण करावे आणि शक्य तिथे आट्यांऐवजी खुंटी किंवा पाचर वापरावी. एवढ्याने निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतील, असे मला वाटते, आणि हा सर्वांत स्वस्त उपाय असूनही तो शेवटी सुचतो याची खंत वाटते.

पृष्ठभागावर पिवळट-पांढरी किंवा हिरवट भुकटी येत असेल आणि लेपात मॉलिब्डेनम डायसिलिसाइड असेल, तर ५०० अंशांच्या आसपास त्या संयुगाचा होणारा भुगा हे कारण असू शकते. हे संयुग १५०० अंशांपुढे उत्तम काम करते, पण भट्टी रोज ४०० ते ६०० अंशांमध्ये तासन्‌तास रेंगाळत असेल तर ते निवडू नये. पांढरी, हाताला किंचित निसरडी लागणारी बुरशीसारखी भुकटी दिसली आणि लेपात बोरॉन असेल, तर ते दमट हवेतील पाण्याशी संयोग होऊन बनलेले बोरिक आम्ल होय. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

क्षार, हाताचा घाम आणि खाडीची हवा

या विषयात मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते ते याच मुद्द्यावर, कारण लेपाच्या तांत्रिक माहितीपत्रकात तो जवळजवळ कधीच नसतो. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचे क्षार कार्बनच्या ऑक्सिडीकरणाचे उत्प्रेरक आहेत. त्यांच्या सान्निध्यात कार्बन कमी तापमानाला आणि कितीतरी वेगाने जळतो. विमानांच्या सीसी ब्रेकच्या बाबतीत हे चांगलेच ठाऊक झालेले आहे. थंड देशांत धावपट्टीवरचे बर्फ वितळवण्यासाठी वापरले जाणारे पोटॅशियम अॅसिटेट आणि फॉर्मेट ब्रेकच्या चकत्यांमध्ये मुरले, आणि पुरेशी जाड दिसणाऱ्या चकत्या आतून कमकुवत झाल्या.

आपल्याकडे बर्फ नाही, पण ठाणे खाडीलगत ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात खारट ओलावा आहे, उघड्या हाताने ट्रे उचलणाऱ्याचा घाम आहे, यंत्रकामाच्या शीतक द्रवातील सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार आहेत, आणि भाग धुवायला वापरलेल्या नळाच्या पाण्यातील कॅल्शियम आहे. हे सगळे तड्यांतून केशाकर्षणाने आत शिरते, पाणी उडून जाते आणि क्षार मात्र तड्याच्या तोंडाशी, म्हणजे नेमक्या नको त्या ठिकाणी, साचतात. सोडियमचा दुसरा उपद्रव असा की सिलिकेत शिरल्यावर ती पातळ होते आणि तिच्यातून ऑक्सिजन अधिक सहजपणे झिरपतो, म्हणजे वरचे संरक्षणही दुबळे होते.

अमेरिकेच्या स्पेस शटलचा अनुभव येथे उपयोगी आहे. त्याचे नाक आणि पंखांच्या पुढच्या कडा सीसीच्या होत्या आणि त्यांवर सिलिकॉन कार्बाइडचा लेप होता. १९९० च्या दशकात त्या लेपात बारीक छिद्रे आढळू लागली. शोधाअंती त्यांचा संबंध प्रक्षेपण मनोऱ्याच्या जस्तयुक्त प्रायमरशी लागला : समुद्रकाठच्या पावसाने जस्त धुऊन ते त्या कडांवर पडत होते आणि परतीच्या प्रवासातल्या उष्णतेत सिलिकेशी संयोग पावत होते. हे वाचल्यानंतर आपल्या गोदामातील गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे छत आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या मांडण्या यांकडे एकदा पाहावे. छत गळत असेल आणि लेप दिलेले भाग त्याखाली उघडे पडलेले असतील, तर ते हलवण्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

व्यवहारात एवढे पाळावे. भाग सुती किंवा नायट्राइल हातमोज्यांनीच हाताळावेत. धुवायचेच असतील तर डिआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या, पाण्याने, शक्य तर गरम करून, एकाहून अधिक वेळा धुवावेत आणि शेवटच्या धुण्याच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजावी. धुण्यासाठी घेतलेल्या ताज्या पाण्याइतकीच ती खाली आली की क्षार निघाले असे समजावे. नंतर १२० अंशांना पुरते वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह जाड प्लॅस्टिकमध्ये बंद करून ठेवावेत. बोरॉनयुक्त लेपासाठी तर हे अनिवार्यच आहे.

निदानानुसार उपाय

घट ६०० ते ७०० अंशांतच केंद्रित असेल आणि भाग त्यापुढे फारसा जात नसेल, तर फॉस्फेटचा उपाय सर्वांत परवडणारा आहे. फॉस्फोरिक आम्ल किंवा अॅल्युमिनियम फॉस्फेटचे द्रावण छिद्रांत मुरवून, वाळवून, निष्क्रिय वायूत भाजले की फॉस्फेट कार्बनच्या सक्रिय जागा अडवून बसते. विमानांच्या ब्रेकना हीच प्रक्रिया देतात. मात्र साधारण ८०० अंशांपलीकडे तिच्यावर भरवसा ठेवू नये.

घट ८०० अंशांभोवती सपाट आणि १२०० अंशांना नाममात्र असेल, म्हणजे दोष तड्यांचा असेल, तर मधल्या तापमानाला वाहू शकेल अशी काच हवी. बोरॉन ऑक्साइड सुमारे ४५० अंशांना वितळते आणि तड्यांत उतरून त्यांना भरते, म्हणून लेपात बोरॉन कार्बाइडचे कण मिसळतात. याचे दोन तोटे आहेत. दमट हवेत या काचेचे बोरिक आम्ल होते, आणि १००० ते ११०० अंशांपुढे ती वेगाने उडून जाते, वाफ असेल तर आणखी लवकर. म्हणून बोरॉनचा थर सर्वांत वर नसावा. खाली कार्बनशी एकजीव झालेला कार्बाइडचा थर, मध्ये बोरॉनयुक्त थर आणि वर सीव्हीडी सिलिकॉन कार्बाइड अशी रचना मागावी, म्हणजे वरचा थर बोरॉनला हवेपासून आणि उडून जाण्यापासून जपतो आणि त्याचे तडे मधली काच बुजवते.

खालचा एकजीव थर हा माझ्या दृष्टीने या रचनेचा पाया आहे. शटलसाठी भाग सिलिकॉन कार्बाइड, सिलिकॉन आणि अॅल्युमिना यांच्या ६०, ३० आणि १० टक्के मिश्रणात पुरून आर्गॉनमध्ये सुमारे १७६० अंशांपर्यंत तापवत, आणि त्यामुळे पृष्ठभागाचा कार्बनच कार्बाइडमध्ये रूपांतरित होई. असा थर बाहेरून चिकटवलेला नसल्याने सोलून निघत नाही. त्यानंतर टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट हे सिलिकॉनयुक्त द्रव मुरवून आतील छिद्रांत सिलिका बसवत आणि वरून सोडियम सिलिकेटचा लेप देत, तो उड्डाणांत झिजल्यावर पुन्हा द्यावा लागे. म्हणजे इतक्या विचारपूर्वक केलेली रचनाही देखभालीशिवाय चालणारी नव्हती.

इस्रोने एप्रिल २०२४ मध्ये पीएसएलव्ही या उपग्रह प्रक्षेपकाच्या चौथ्या टप्प्यासाठी सीसीचे नॉझल जाहीर केले. त्यावरही सिलिकॉन कार्बाइडचाच लेप आहे. या बातमीचा दाखला देऊन ‘रॉकेटला चालतो तो लेप आम्हाला द्या’ अशी मागणी केली जाते, पण रॉकेटच्या नॉझलचे आयुष्य मिनिटांत मोजतात. आपला ट्रे महिनोन्‌महिने रोज तापून थंड होतो आणि मधल्या पट्ट्यातून प्रत्येक वेळी दोनदा जातो. दोन्हीकडे पदार्थ तोच असला तरी कसोटी निराळी आहे, आणि खरेदीच्या मागणीपत्रात कमाल तापमानासोबत चक्रांची अपेक्षित संख्या आणि ५०० ते ९०० अंशांतील एकूण तास लिहिले नाहीत, तर पुरवठादाराला दोष देता येणार नाही.

भट्टी चालवण्याच्या सवयी

पुष्कळदा लेपाला हात न लावताही प्रश्न सुटतो. आर्गॉन किंवा नायट्रोजनच्या भट्टीत चक्र लवकर संपवण्यासाठी ५०० अंशांना दार उघडले जात असेल, तर भाग नेमक्या सर्वांत घातक तापमानाला, तडे उघडे असताना, हवेच्या स्वाधीन होतो. दार ३०० अंशांखाली आल्यावरच उघडावे. आणि हे तापमान भट्टीच्या भिंतीजवळचे न घेता भागाला टेकलेल्या थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या तारेचे) घ्यावे, कारण जाड ट्रे भिंतीपेक्षा बराच वेळ गरम राहतो. वीज गेल्यावर वायूचा झडप आपोआप बंद होतो की उघडा राहतो, हेही एकदा तपासून घ्यावे. तो बंद होत असेल तर प्रत्येक खंडितीला थंड होत असलेली भट्टी बाहेरची हवा आत ओढते. निर्वात भट्टीत रिकाम्या अवस्थेतील गळतीचा दर दर आठवड्याला नोंदवावा. तो वाढत गेला आणि त्याच काळात ट्रे लवकर खराब होऊ लागले, तर लेपाच्या चर्चेआधी दाराचे रबरी ओ-रिंग बदलावेत.

खराब भाग ओळखणे

पोखरलेल्या भागावर पुन्हा लेप देऊन तो वाचवण्याचा मोह आवरावा. सीसीमध्ये ऑक्सिजन प्रथम तंतू आणि मूळद्रव्य यांच्या सांध्यावर हल्ला करतो, त्यामुळे वजन अवघे काही टक्के घटले तरी ताकद त्याच्या कितीतरी पट घटलेली असते आणि नवा लेप ती परत देत नाही. नवीन असताना प्रत्येक ट्रेचे वाळवलेले वजन त्याच्या क्रमांकासह वहीत नोंदवावे आणि तो ट्रे लाकडी दांडीने हलके ठोकून त्याचा आवाज ओळखीचा करून घ्यावा. पुढे तोच आवाज एखाद्या ठिकाणी बसका येऊ लागला, की तिथला भाग खालून पोकळ झाला आहे असे धरून तो ट्रे वजनाखाली ठेवू नये. तो कापून त्याचा छेद तपासावा, कारण पुढच्या खेपेसाठी लेपाची कोणती रचना मागायची, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा तोच आहे.